थोडं डावीकडे

काढून टाकायच्या गोष्टींच्या यादीत तिसऱ्या ओळीवर तिच्या नवऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेलं दार होतं. टीमचा प्रमुख, ज्याला ऑफिसात सगळे मोजपट्टी म्हणत, त्याने पहिल्या दोन ओळी भराभर वाचल्या आणि तिसरी वाचण्याआधी घसा साफ केला. तेवढं केलं नसतं तर कदाचित तिचं लक्षही गेलं नसतं. ती समोरच्या घड्याळाकडे बघत होती, कारण संध्याकाळी घरचा पलंग न्यायला माणसं येणार होती आणि तिला वेळेवर निघायचं होतं. "हे जुनं मागचं दार," मोजपट्टी म्हणाला, "आता जवळजवळ कुणीच वापरत नाही. पुढच्या आवृत्तीत काढून टाकावं असं माझं मत आहे. अर्थात शेवटचा शब्द बाईंचा." टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकी घातली. आजारी माणसाच्या खोलीबाहेरून चालावं तसे सगळे एकदम हळू झाले, आणि पहिल्यांदा तिला आला तो राग. तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, "जवळजवळ कुणी नाही म्हणजे किती?" "पाच जण. पाचही जणांना आपण विचारलं, कशासाठी वापरता म्हणून. चौघांनी सविस्तर कळवलं. त्यांना हवंय ते साध्या ऑप्शनमधून देता येतं, मी ते करूनही ठेवलंय." "आणि पाचवा?" "त्याने आधी उत्तरच दिलं नाही. मागे लागल्यावर एक ओळ पाठवली, चालू राहिलं तर बरं होईल. बस. आता कारणच सांगत नाही म्हटल्यावर आपण काय करणार?" हे वाक्य तिचं होतं. शब्दन् शब्द तिचं, इतक्या वर्षांत इतक्यांदा वापरलेलं, की मोजपट्टीला ते कुठून आलं हे आठवतही नसेल. ती म्हणाली, "उद्या सांगते." पुढची ओळ वाचली गेली.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर दुकानांचे दिवे लागत होते आणि ती मनातल्या मनात मोजपट्टीची बाजू मांडत होती, कारण ती तिचीच बाजू होती. त्यांची कंपनी फ्रेमवर्क बनवायची. हे काय असतं ते तिने एकदा सासूबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला होता: दवाखान्यात कॉम्प्युटरवर एक्स-रे उघडतो, शाळेत वेळापत्रक उघडतं, ती खिडकी, ती बटणं, तो मेनू प्रत्येक प्रोग्रॅमर पहिल्यापासून घडवत बसत नाही, आम्ही तयार देतो, ते वापरतात. सासूबाई म्हणाल्या होत्या, म्हणजे तुम्ही विटा करता. साधारण तसंच. पण वीट कशी असावी यावर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ती रुजू झाली तेव्हा पडद्यावर एक खिडकी उघडायची तर प्रोग्रॅमरला अर्धं पान लिहावं लागे: कडा कशी, सावली कशी, कुठे उघडायची, कुणाच्या वर, कुणाच्या खाली. तिने ते खरवडत खरवडत एका ओळीवर आणलं. खिडकीचं नाव सांगा, आत काय दाखवायचं ते सांगा, बाकीचं आमचं आम्ही बघतो. काल शिकायला लागलेला माणूस आज खिडकी उघडू शकत होता. त्या ओळीचा तिला अभिमान होता आणि तो तिने कधी लपवला नव्हता. ती ओळ साधी राहावी म्हणून ती पहारेकऱ्यासारखी बसून असायची. कुणी म्हणालं, खिडकीचा कोपरा गोल करायचा ऑप्शन द्या, तर ती विचारायची, "कशासाठी?" कुणी म्हणालं, खिडकी तिरकी उघडता यावी, "कशासाठी?" निम्मी माणसं तिथूनच परत फिरत. तिचं नावच कशासाठीबाई पडलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. दिलेला ऑप्शन परत घेता येत नाही, हे त्या हसणाऱ्यांना कळत नसे. कुणीतरी त्याला टेकून आपलं घर बांधतं, मग तुम्ही हललात की त्याची भिंत पडते. सगळ्यांना हो म्हणणारी फ्रेमवर्कं तिने पाहिली होती. त्यांच्यात एवढं काही कोंबलेलं असायचं की साधं काम करायलाही आधी आठवडाभर वाचत बसावं लागे.

आणि तिचा नवरा नेमका त्या सगळ्यांना हो म्हणणारा. दोघं एकाच ऑफिसात, एकाच टीममध्ये, लग्नाच्या आधीपासून एकाच वादात. "कुणाला काय लागेल ते आपल्याला काय ठाऊक?" हे त्याचं एक, आणि "कशासाठी?" हे तिचं एक, बाकीचे लोक चहाचे कप घेऊन ऐकायला थांबत. शेवटी त्याने मागचं दार केलं. पुढच्या दाराला, म्हणजे तिच्या त्या ओळीला, त्याने हात लावला नाही. पण ज्याला आणखी काही हवं असेल त्याला फ्रेमवर्कच्या खाली उतरता येईल, कॉम्प्युटरची खरीखुरी खिडकी हातात घेता येईल आणि आपल्या जबाबदारीवर तिचं काय वाटेल ते करता येईल, अशी एक वाट त्याने मागच्या बाजूने ठेवली. तिथे ऑप्शन नव्हते. तिथे कुणी काही विचारत नव्हतं. "चोरवाट आहे ही," ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, "अगं, तुझं पुढचं दार साधं राहतं ते या दारामुळे. ज्यांना जास्तीचं हवंय ते पुढे येऊन गर्दी करत नाहीत." त्याच्या आईने त्याचे शाळेचे शर्ट घरी शिवलेले, शिवणीत भरपूर माया ठेवून, वरून शर्ट साधा दिसायचा आणि दर वर्षी आतून उसवून थोडा मोठा व्हायचा. ते तो मीटिंगमध्येसुद्धा सांगायचा. तिला ते पटलं नव्हतं असं नाही. पण पटलं म्हणायची वेळ दर वेळी टळली. आणि दार सांभाळायचं काम तिच्याच टीमकडे आलं होतं. कॉम्प्युटर बदलले, त्यांच्या आतल्या खिडक्या बदलल्या, की दर वेळी ते दार मोडायचं आणि कुणाला तरी बसून दुरुस्त करावं लागायचं. हा खर्च खरा होता. तो कुणीही नाकारला नसता, त्यानेही नाही.

घरीही तेच. त्याचे खण स्क्रूंनी, वायरींनी, कशाकशाच्या तुकड्यांनी भरलेले, "लागेल कधीतरी" म्हणून. ती टाकून द्यायची, तो कचऱ्यातून उचलून आणायचा. तिच्या टेबलासाठी त्याने हट्टाने फिरती खुर्ची आणली, तेव्हा तिने दारातच विचारलं होतं, "फिरती कशासाठी? मला समोर बघूनच काम करायचंय ना?" तो नुसता हसला होता आणि खुर्ची आत ढकलत घेऊन गेला होता. त्याच्या अशा हसण्याने ती चिडायची, कारण वादात हसणं म्हणजे कारण नसल्याची कबुली, असं तिचं मत होतं. आता बसच्या खिडकीशी बसून तिला ते हसणं पाहिजे होतं. इतकं पाहिजे होतं की तिने पर्स उगाच उघडून बंद केली. उन्हाळ्यात तो गेला. त्यानंतर ऑफिसात त्याच्या हातचं जे जे होतं ते हळूहळू कुणी कुणी नव्याने लिहिलं, तसं लिहावंच लागतं, त्यात कुणाचं काही चुकत नाही. राहिलं होतं फक्त ते दार. कुठल्यातरी गावातला, कधी न पाहिलेला एखादा प्रोग्रॅम त्या दारातून आत शिरायचा तेव्हा तो त्याने लिहिलेल्या ओळींवरूनच जायचा. तो अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, एवढं तिला रोज सकाळी कॉम्प्युटर लावताना वाटायचं. पण हे काही कारण झालं नाही. दुसरं कुणी असं काही घेऊन तिच्यासमोर आलं असतं, मला ते काढवत नाही म्हणालं असतं, तर तिने त्याला पाणी दिलं असतं आणि यादीतली ओळ कायम ठेवली असती. मग स्वतःसाठी वेगळा न्याय कसा लावायचा? तिचा थांबा आला तोवर ठरलं होतं. उद्या हो सांगायचं. उतरताना तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, पण निदान पाय सरळ पडत होते.

पलंग बाहेरच्या खोलीत होता. आजार वाढल्यावर आतल्या खोलीत काम आणि आजारी माणूस दोन्ही मावेना, म्हणून त्याच्यासाठी बाहेर हा मोटरचा पलंग विकत घेतला होता. रिमोटला दोनच बटणं: डोक्याकडची बाजू वर, डोक्याकडची बाजू खाली. दुकानात तिला तो बघताक्षणी आवडला होता. बाकीच्या पलंगांचे रिमोट हातभर लांब, चित्रंच चित्रं काढलेली. "हा घेऊ," ती म्हणाली होती, "आजारपणात डोक्याला ताप नको." तोही हो म्हणाला होता, त्या दिवसांत तो सगळ्यालाच हो म्हणायचा. पलंग घरी आल्यावर आठवडाभरातच तो म्हणायला लागला, थोडं डावीकडे. वर नको, खाली नको, थोडं डावीकडे. त्यासाठी बटण नव्हतं. ती उशा लावून बघायची, उशी सरकायची. "दुखतंय का पाठीत?" तिने विचारलं होतं, आणि तो "हं" म्हणाला होता. मग तिने जुन्या चादरीची जाड घडी घालून गादीखाली उजव्या बाजूने सारली. गादी डावीकडे किंचित उतरती झाली आणि तो म्हणाला, "आता बास." त्यानंतर त्याने पुन्हा ते मागितलं नाही. मागायचा तर एकच, आतल्या खोलीचं दार थोडं उघडं ठेव. ती आत बसून ऑफिसचं काम करायची, फोनवर बोलायची. "आवाजाने तुझी झोप मोडेल," ती म्हणायची, "उघडं कशासाठी?" "राहू दे गं." वारा खेळायला, असं तिने धरून चाललं होतं. त्या महिन्यांत तिला बरंच काही धरून चालावं लागत होतं.

पलंग न्यायला आलेली बाई टॅक्सी चालवायची. तिचा थोरला भाऊ शिडीवरून पडला होता, कंबर गेली होती, आणि कुणाच्या तरी ओळखीतून पलंगाचं कळलं होतं. खाली टेम्पो आणि टेम्पोवाला थांबले होते. बाईने बूट दाराबाहेर काढले, पलंगाभोवती एक फेरी मारली, चाकं हलवून पाहिली. "मोटर चालते ना, ताई?"

"चालते. शेवटपर्यंत चालत होती."

"राग मानू नका हं, पण मी बघून घेते. गाडी घेतानाही मी नुसतं मालकाच्या शब्दावर घेत नाही." तिने रिमोट उचलून बटण दाबलं, डोकं वर गेलं, खाली आलं. समाधान झालं नाही. "रिकामा काय, कुठलाही वर जातो. वजन असताना काय करतो ते कळायला पाहिजे. तुम्ही जरा झोपता का? मीच झोपले असते, पण मला खाली वाकून मोटरचा आवाज ऐकायचाय."

"मी?"

"एकच मिनिट, ताई."

या पलंगावर ती कधी झोपली नव्हती. कडेला बसली होती, चमच्याने भरवलं होतं, चादरी बदलल्या होत्या, शेवटच्या दिवशी गुडघे टेकून डोकं त्याच्या हातावर ठेवलं होतं. पण पाठ टेकली नव्हती. त्याच्या माघारीही ती आतल्या खोलीतच झोपायची आणि पलंगाला वळसा घालून स्वयंपाकघरात जायची. आता नाही म्हणावं असं काही सुचेना. तिने चपला काढल्या आणि ती आडवी झाली. गादीने तिला हलकेच डावीकडे कलतं घेतलं. घडी तशीच होती खाली. ती काढायची राहूनच गेली होती. खालून टॅक्सीवाल्या बाईचा आवाज आला, "लावते हं," आणि मोटर घरघरली, पाठ उचलली जाऊ लागली, छत मागे सरकलं, भिंत खाली आली.

"थांबा," ती म्हणाली.

मोटर थांबली. "लागलं का काही?"

"नाही. थांबा जरा."

आतल्या खोलीचं दार सवयीने अर्धवट उघडं होतं. त्या फटीतून तिच्या टेबलाचा कोपरा दिसत होता, दिवा दिसत होता, आणि बरोबर मध्ये तिची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर तिचा राखाडी स्वेटर. एवढंच. या बाजूला बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. खिडकी उजवीकडे, टीव्ही समोर, घड्याळ त्याच्यावर. ती हाताच्या जोरावर सरकून गादीच्या डाव्या कडेला गेली, जिथे घडीचा उतार संपत होता, आणि सरळ पडून पाहिलं. चौकटीची कड तेवढी दिसली. खुर्ची नाही. ती परत त्याच्या जागेवर आली. खुर्ची दिसली. एकदा जमलेलं पुन्हा जमतं का ते बघायची कामाची सवय. तिने ते पुन्हा करून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तेच झालं. पाठीत दुखत नव्हतं त्याच्या. की दुखत असेल, दुखत तर सगळंच होतं, पण हे त्यासाठी नव्हतं. कारण तिनेच दिलं होतं, दुखतंय का म्हणून. तो फक्त हं म्हणाला होता. खरं कारण सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं? "अरे, मी काय पळून चाललेय?" असं काहीतरी म्हणाली असती. खुर्ची बाहेर आणून ठेवली असती आणि फोन आला की आत नेली असती. किंवा उद्या बघू म्हणाली असती. त्याला तिचं कामही मोडायचं नव्हतं आणि कारणही सांगायचं नव्हतं. त्याला फक्त पडल्या पडल्या ती दिसायला हवी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, तेही डावीकडे.

टॅक्सीवाली बाई उठून उभी राहिली होती. ती म्हणाली, "मोटर छान आहे, ताई." मग तिने हात देऊन उठवलं, आणि गादी चाचपताना तिचा हात घडीला लागला. "ही कशासाठी ठेवली होती?"

तिने तोंड उघडलं आणि एवढ्या वर्षांत दुसऱ्यांची होत असेल तशी गत तिची झाली. "त्याला हवी होती."

"पाठीसाठी का? मग राहू दे, दादालाही लागेल."

"नाही, पाठीसाठी नाही. त्याला तशी हवी होती." तिने घडी ओढून काढली. चादरीला घडीची सवय झाली होती. ती उलगडली नाही. "तुमचे दादा म्हणतील तसं करा. इकडे म्हणाले तर इकडे, तिकडे म्हणाले तर तिकडे."

"तो बोलतोय कुठं, ताई," बाई म्हणाली. "पडल्यापासून गप्पच आहे. काही हवं का विचारलं तर भिंतीकडे बघतो." ती रिमोटची वायर गुंडाळत राहिली. "पण बघते मी." मग टेम्पोवाला वर आला, दोघांनी पलंगाचे दोन भाग केले, आणि जिन्यातून धडपडत, एकमेकांना सांभाळून सांभाळून म्हणत ते खाली गेले.

मोजपट्टीने फोन लगेच उचलला. तो अजून ऑफिसातच होता. ती म्हणाली, "चौघांसाठी तुम्ही केलेले ऑप्शन येऊ देत. चांगले आहेत, मी पाहिलेत. आणि दारही राहू दे."

"दारही?" मोजपट्टीने विचारलं. "बाई, रागावू नका, पण चौघांची सोय झाल्यावर ते दार कशासाठी?"

त्याच्या आवाजात खवचटपणा नव्हता. तो तिच्या हाताखाली तयार झालेला माणूस, जे शिकला ते विचारत होता. ती त्याला शर्टाच्या शिवणीबद्दल सांगू शकली असती. पुढचं दार साधं ठेवायचं तर मागे एक वाट लागतेच, हे सांगू शकली असती, आणि ते खरंही होतं. आज पहिल्यांदा ते तिला तिच्या स्वतःच्या शब्दांत सांगता आलं असतं. पण त्या पाचव्या माणसाने एवढंच म्हटलं होतं, चालू राहिलं तर बरं होईल. त्याला काय दिसत असेल त्या दारातून कुणास ठाऊक. "त्याला हवंय," ती म्हणाली.

"कुणाला?"

"पाचव्याला."

"पण कारण? यादीतलं काही ठेवायचं म्हणजे कारणाचा रकाना भरावा लागतो."

"मोकळा ठेवा."

"मोकळा ठेवता येत नाही, बाई. तो मोकळा असला की पुढे जातच नाही. तुम्हीच तसं करून घेतलंय."

तिला हसू आलं. हसताना तिचा आवाज फाटला. "मग माझं नाव घाला," ती म्हणाली. "दार मोडलं की दुरुस्त करायला मी बसेन."

आत येऊन ती टेबलाशी बसली. दिवा लावला, कॉम्प्युटर लावला. त्याचं दार जिथे लिहिलेलं होतं ते उघडलं. फार ओळी नव्हत्या. त्या वाचता वाचता तिला आपली पाठ जाणवायला लागली. त्या सगळ्या महिन्यांत ती अशीच बसली होती, दाराकडे पाठ करून. तो कधी हाक मारायचा, हळूच, आणि ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "आले, दोन मिनिटं." त्याची तक्रार नव्हती. त्याला स्वेटर दिसत होता, मान दिसत होती, केस वर बांधलेले असले तर कान. तोंड दिसत नव्हतं. ते दिसायला तिने वळायला हवं होतं, आणि वळायला तर काहीच लागत नव्हतं. तिने एक पाय जमिनीला टेकवून किंचित रेटा दिला. खुर्ची आवाज न करता पूर्ण फिरली. दारातून बाहेरच्या खोलीची फरशी दिसली, तिच्यावर पलंगाच्या चार चाकांच्या चार खुणा, आणि पलीकडे भिंतीशी ती घडी घातलेली चादर. ती तिकडे तोंड करून बसून राहिली.